माझा श्वास माझं ऐकत नाही

श्वासावर आपली हुकमत आहे, असं मी बरीच वर्षं मानत होतो आणि पुण्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सकाळी जमणाऱ्या मंडळींनाही मानायला लावत होतो. अनुलोम-विलोम, भस्त्रिका, कुंभक; कुणाची पाठ वाकली की मी हळूच मागून जाऊन ती सरळ करायचो. त्यामुळे लेहच्या सहलीआधी टूरवाल्यांनी 'हवा विरळ आहे, पहिले दोन दिवस नुसता आराम' असं बजावलं, तेव्हा ती सूचना इतरांसाठी आहे हे मी परस्पर ठरवून टाकलं.

लेह साडेतीन हजार मीटरवर असलं तरी हवेत ऑक्सिजन तिथेही २१ टक्केच असतो, हे मी विमानात शेजारच्या प्रवाशाला ऐकवलं. खोटं नव्हतं ते. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश, म्हणून दर श्वासात पदरात पडणारा ऑक्सिजनही त्याच हिशोबाने कमी, हा उत्तरार्ध मी गाळला.

रात्री जेवताना ऑक्सिमीटर फिरू लागला. कुणाचे ८९, कुणाचे ९१. पहिल्या दिवशी इथे असे आकडे यायचेच, असं ग्रुपमधल्या एक निवृत्त भूलतज्ज्ञ बाई सांगत होत्या. माझे ८८ आले. हिचे ९२! ज्या बाईने जन्मात कधी भस्त्रिका केली नाही, तिचे ९२.

"थांबा जरा," म्हणत मी वरणभाताचं ताट बाजूला सारलं आणि सुरू झालो. आकडा खरोखर चढला. ९३, ९५, ९७. टाळ्या पडल्या. ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटं बधिर झाली, डोकं हलकं झालं; ही प्राणशक्ती, असं मी तेवढ्यातही समजावून सांगितलं. मग थांबलो. आणि पुढचा श्वास आलाच नाही. गंमत म्हणजे गुदमरल्यासारखंही वाटेना. मी आपला प्रसन्न मुद्रेने बसलेलो, आणि बोटावरचा आकडा ९०, ८६, ८२.

"अहो, श्वास घ्या!" ही किंचाळली. वाढपी डाळीचं भांडं धरून तसाच उभा राहिला.

भूलतज्ज्ञ बाईंनी मग माझं बौद्धिक घेतलं. श्वासाचा कारभार आमच्या सोसायटीसारखा दोन पदाधिकाऱ्यांकडे असतो, हे मला त्यातून उमगलं. सेक्रेटरी बसतो गळ्यात. दोन्ही बाजूंना कॅरॉटिड धमनीला फाटा फुटतो, तिथे तांदळाच्या दाण्याएवढी कॅरॉटिड बॉडी असते. रक्तातला ऑक्सिजन घसरला की तिच्या पेशी नवव्या मज्जातंतूमार्फत मेंदूच्या बुडाशी तक्रार धाडतात आणि श्वास वाढतो. बेल्जियमच्या कोर्नेल हेमन्स यांना याच शोधासाठी १९३८चं नोबेल मिळालं. खजिनदार बसतो थेट मेंदूच्या बुडाशी. तो ऑक्सिजनकडे ढुंकूनही बघत नाही. कार्बन डायऑक्साइड किती साठला, एवढंच बघतो. एरवी सपाटीवर चलती त्याचीच असते. मी भस्त्रिकेने सगळा कार्बन डायऑक्साइड उधळून लावला, तेव्हा त्याने 'आता श्वासाची गरज नाही' म्हणून कामकाजच तहकूब केलं. या सगळ्यात अध्यक्ष म्हणून मिरवणाऱ्या मला कुणी विचारलं नाही.

श्वासाचा ताल धरणारा पेशींचा पुंजका वेगळाच. त्याच्या शेजाऱ्याला बॉट्झिंगर हे नाव एका परिषदेत टेबलावर असलेल्या जर्मन व्हाइट वाइनच्या बाटलीवरून पडलं, म्हणून हा प्री-बॉट्झिंगर. आयुष्यभर निर्व्यसनी राहिलो, आणि आत हे निघालं.

रात्री तर दोघा पदाधिकाऱ्यांनी उघड भांडण मांडलं. जेवताना मी जे मुद्दाम केलं, ते शरीर झोपेत आपणहून करू लागलं. सेक्रेटरीच्या रेट्याने चार-सहा दणदणीत श्वास, त्याने कार्बन डायऑक्साइड खाली, लगेच खजिनदाराची तहकुबी, दहाएक सेकंद सगळं सामसूम. तेवढ्यात ऑक्सिजन घसरला की सेक्रेटरी पुन्हा टेबल आपटणार. मला यातलं काही कळलं नाही. हिला कळलं. ती उशाशी बसून सेकंद मोजत होती आणि सामसूम लांबली की मला कोपर मारत होती. इटलीच्या अँजेलो मोसो यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्प्समध्ये हाच प्रकार नोंदवला होता. त्यांच्या वेळी कोपर कुणाचं होतं, देव जाणे.

"गळ्यातली यंत्रणा जितकी तडफदार, तितकं हे रात्री जास्त," बाई सकाळी म्हणाल्या. मी लगेच हिच्याकडे विजयी नजरेने पाहिलं. तिचे डोळे तारवटलेले होते.

हा तंटा शेवटी मिटवतात मूत्रपिंडं. बायकार्बोनेट लघवीवाटे बाहेर टाकून ती रक्ताचा तोल सावरतात, मग खजिनदार नरमतो. पण याला काही दिवस लागतात. बाईंनी दिलेल्या डायमॉक्सने हेच काम लवकर होतं. शिवाय त्या गोळीने सोडा पाणचट लागतो आणि लेहच्या थंडीत रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या होतात, हे मी स्वानुभवाने सांगतो.

तुम्ही विमानाने लेहला जाणार असाल तर पहिले दोन दिवस खरोखरच लोळा. गोळीबद्दल निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असेल तर नक्कीच. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना झोक जाऊ लागला, तर खारदुंगला राहू द्या, खाली उतरायची सोय बघा. आणि जेवणाच्या टेबलावर कुणी ऑक्सिमीटर पुढे केला, तर येईल तो आकडा सांगून मुकाट्याने वरणभात खा.