हुरडा घरपोच होत नाही

हुरड्याची पाककृती लिहायला बसलं तर एका ओळीत संपते: ज्वारीची कोवळी कणसं घ्या, भाजा, चोळा, खा. या ओळीत सगळ्यात महत्त्वाचा जिन्नस राहून जातो, तो म्हणजे शेत. शेंगदाण्याची चटणी नसली तर गुळावर भागतं, गूळ नसला तर दह्यावर. शेताला मात्र पर्याय नाही, असं माझं ठाम मत आहे. आणि हा मुद्दा भावनेचा नाही, साखरेचा आहे. रब्बीची ज्वारी डिसेंबर-जानेवारीत हुरड्यात येते, म्हणजे दाण्यातलं दूध घट्ट होऊ लागलेलं असतं, पण दाणा अजून नखानं दाबता येतो. त्या वेळी त्यात गोडी भरपूर असते. ज्वारीला मात्र आपलं तोंड गोड करण्यात काडीचाही रस नसतो; तिला बी धरायचं असतं. म्हणून ती साखरेचा स्टार्च करत सुटते आणि थोड्याच दिवसांत दाणा भाकरीच्या वाटेला लागतो. कणीस कापल्यावरही गोडी आणि ओल उतरतच राहते. गूळभेंडी, सुरती या हुरड्याच्या खास जाती आहेतच. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं ‘फुले मधुर’ही काढली. पण विद्यापीठाला दाण्यातली गोडी वाढवता आली, ती वाटेतच उतरवणारी सोलापूर-पुणे रस्त्यावरची गर्दी कमी करता आली नाही.

उरलेलं काम आगटी करते. बांधाजवळ खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, जाळ बसला की निखाऱ्यात खुपसलेली कणसं. दाणे तडतडले की कणीस बाहेर काढायचं, हात पोळत असतानाच चोळायचं आणि फुंकर मारून कोंडा उडवायचा. वाट्याला येतो मूठभर हुरडा, आणि तो निवायच्या आत संपवावा लागतो, कारण गार झाला की दाणा चामट होतो. शहाणे म्हणतात, ही सारी थंडीची आणि भुकेची करामत. पहाटे निघून अकरापर्यंत उपाशी ठेवलेल्या माणसाला शिळा बटाटेवडासुद्धा अमृतच लागेल. लागेल की! पण म्हणून भूक खोटी ठरत नाही. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स यांनी एका सहकाऱ्यासह दाखवून दिलं, की चावण्याचा आवाज वाढवून ऐकवला तर तेच वेफर्स लोकांना जास्त ताजे आणि कुरकुरीत वाटतात. त्याबद्दल २००८ साली त्यांना इग नोबेल मिळालं, जे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. म्हणजे जीभ एकटी जेवत नसते, कानही पंगतीला असतात. मग धूर, कोवळं ऊन आणि पायाखालची ढेकळं यांनाच पंगतीतून उठवायचं कोणत्या तोंडानं?

फ्रोझन हुरड्याचं काय? गोठवल्यानं गोडी बऱ्यापैकी टिकते, हे मान्य. पण मायक्रोवेव्हमधून वाडगाभर हुरडा एकदम समोर येतो, आणि पुढच्या मुठीची वाट पाहत शेजाऱ्याच्या मुठीवर डोळा ठेवण्याची सगळी मजा जाते. उलट, नुसतं शेत असूनही भागत नाही. काही हुरडा पार्ट्यांत आगटीला खेटून डीजे असतो आणि दुपारच्या ताटात पनीर चिली. परिसर तिथेही असतो, फक्त तो मंगल कार्यालयाचा असतो.

खरा अडचणीचा आक्षेप आगटीजवळ बसलेल्या माणसाचा आहे. त्याच्या डोळ्यांत धूर, बोटं पोळलेली, आणि हे शिवार तो वर्षभर पाहत आलेला. त्याला यात कुठली अपूर्वाई? शेतातल्या खाण्याची मजा दुसरं कुणी राबत असेल तरच पुरती लागते, हे माझ्या सिद्धान्तातलं भोक आहे आणि ते मला बुजवता येत नाही. त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत आणि पाहुण्यांतल्या एकानं निदान अर्धा तास आगटी सांभाळावी, एवढी तडजोड सुचते. जावयाला मात्र बसवू नये. तो मान राखून बसतो आणि कणसं जळतात.