समतोल राखण्याची सोपी रीत (फक्त कल्याणपलीकडच्या पालकांसाठी)

नोकरी, पैसा आणि पोरंबाळं या तिन्हींचा समतोल कसा राखावा, यावर पुस्तकांना तोटा नाही. ती लिहिणाऱ्यांची ऑफिसं बहुधा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावीत. ‘सकाळचा पहिला तास स्वतःला द्या’ असं त्यांत हमखास असतं. बदलापूरच्या माणसाने सकाळचा पहिला तास स्वतःला दिला, तर त्याची गाडी जाते. म्हणून ही मार्गदर्शिका मध्य रेल्वेवर कल्याणच्या पुढे राहणाऱ्यांपुरतीच आहे. नोकरी करणारे आईबाप दोन, मूल एक, गृहकर्ज एक आणि सीएसएमटीच्या आसपास ऑफिस, एवढं साहित्य घरात असेल तरच पुढे वाचावं. हिंजवडीकडच्या पालकांनी आपापल्या चौकातल्या कोंडीप्रमाणे फेरफार करून घ्यावा.

आधी पैशाचं उरकून घेऊ, कारण तो आधीच संपलेला आहे.

ठाण्याच्या पुढे दर स्टेशनाला घर स्वस्त होत जातं. कळवा, मुंब्रा, दिवा करत डोंबिवली येते; ती खिशाला झेपत नाही म्हणून कल्याण; कल्याणही हातचं गेलं म्हणून विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ मागे टाकत बदलापूर. सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर हिशेब एकदाचा जमतो. जाहिरातीत घर स्टेशनपासून पाच मिनिटांवर असतं. ते खोटं नसावं. रात्री दोन वाजता, मोटारसायकलवरून मोजलं असेल.

समजा तीस लाखांचं कर्ज घेतलं, वीस वर्षांसाठी, साडेआठ टक्क्यांनी. हप्ता साधारण २६,००० रुपये बसतो. पहिल्या हप्त्यातले २१,२५० व्याजात जातात आणि घराच्या नावावर पडतात ते पावणेपाच हजारांच्या आसपास. म्हणजे पहिल्या महिनाअखेर तुम्ही फार तर न्हाणीघराच्या दाराचे मालक झालेले असता. वास्तुशांत करताना गुरुजींना हे सांगू नये.

बँकेचे बारा हप्ते झाले की वेळेचा हप्ता येतो. जायला दीड तास, यायला दीड तास, वर्षाला कामाचे अडीचशे दिवस धरले तर साडेसातशे तास होतात. म्हणजे दिवसरात्र मिळून एकतीस दिवस. पंचांगात क्षयमास इतका दुर्मीळ, की अनेकांच्या उभ्या आयुष्यात तो येत नाही. कर्जत लायनीवर तो दरवर्षी येतो. त्यापेक्षा अधिक मास परवडला, निदान जावयाला वाण तरी मिळतं.

घर लांब घेऊन जे पैसे वाचले, ते पुढील ठिकाणी जमा करावेत: पाळणाघर, शाळेचे व्हॅनवाले काका, पोळ्या करणाऱ्या मावशी, आणि मावशी न आल्यास पोळी-भाजी केंद्र. पाळणाघराला सातनंतरचे वेगळे पैसे पडतात, आणि गाडी नेमकी सातनंतरच कळव्याच्या अलीकडे उभी राहते. इथे एखादे हिशेबी मामा विचारतात, “मग सुनेच्या पगारातून उरतं काय?” ही वजाबाकी सुनेच्याच पगारातून करण्याची पद्धत आहे, हे ध्यानात असावं. पाळणाघराची फी मुलाच्या पगारातून वजा करून पाहिलेले मामा अजून कोणाच्या पाहण्यात नाहीत.

आता नोकरी. प्रवासाचे तीन तास वाया जातात असं म्हणणाऱ्याने लेडीज डबा पाहिलेला नाही. तिथे ठाण्यापासून बदलापूरपर्यंत मेथी निवडून होते, लसूण सोलून होतो, पोराला फोनवरून सातचा पाढाही म्हणून घेतला जातो आणि मधल्या वेळात साहेबांच्या मेलला उत्तर जातं. पलीकडच्या जेन्ट्स डब्यात त्याच वेळी भजन किंवा पत्ते रंगलेले असतात. डबे रेल्वेने वेगळे केले. कामं आपली आपण वेगळी केली.

सरकारही पालकांच्या पाठीशी आहे. २०१७च्या दुरुस्तीने आईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली आणि ५० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय सक्तीची झाली. आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन मुलाला पाहून येता यावं, असंही कायद्यात आहे. आपल्या ऑफिसात हे पाळणाघर कुठे आहे, असं एचआरला एकदा विचारून पाहावं. ते नेहमी ‘प्रक्रियेत’ असतं. मूल आठवीत गेलं की उद्घाटनाला बोलावतील.

बापाची रजा हा वेगळा प्रांत. केंद्र सरकारी नोकराला ती १५ दिवस मिळते. बाराव्या दिवशी बारसं, उरलेल्या तीन दिवसांत पेढे, की बाप मोकळा. खाजगी नोकरीत तर कायद्याने तेवढंही बंधन नाही, तिथे पेढे डेस्कवरच वाटावेत. राज्य सरकारच्या बालसंगोपन रजेची कथा आणखी उद्बोधक आहे. ती महिला कर्मचाऱ्यांना संपूर्ण सेवेत १८० दिवस मिळते. पुरुषालाही मिळते, पण केव्हा? पत्नी हयात नसेल किंवा दुर्धर आजाराने अंथरुणाला खिळली असेल तर. बायको हिंडतीफिरती असेपर्यंत बापाने मूल सांभाळण्याची वेळ येत नाही, असं शासनाचं निरीक्षण दिसतं, आणि ते चुकीचं आहे असं छातीठोकपणे म्हणवत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर लोकांचा दिवस कसा जातो ते मोजलं. घरकामाला तेव्हा बायकांची दिवसाला २९९ मिनिटं लागत होती आणि पुरुषांची ९७. ही ९७ वाचून कोणी लगेच हुरळून जाऊ नये. ती फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी आहे, आणि असे पुरुष शंभरात सव्वीस निघाले. उरलेले चौऱ्याहत्तर ‘मी मदत करतो ना’ या सदरात येत असावेत.

आणि आता मुख्य युक्ती, जी पुस्तकांत सापडत नाही.

२०२४च्या फेब्रुवारीत राज्य सरकारने आदेश काढला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, कारण मुलांची झोप होत नाही. निर्णय चांगला आहे. मुलांची झोप होऊ लागली. पण आई सात बावन्नची पकडते आणि बाबा आठ चारची, तर आठ ते नऊ या वेळात त्या झोप झालेल्या मुलाला अंघोळ कोण घालतं? डब्यात भाजी कोण भरतं, व्हॅनच्या हॉर्नवर खाली कोण धावतं? आदेशात याचा उल्लेख नाही, कारण उत्तर सगळ्यांनाच ठाऊक आहे.

आजी.

हिशेबात न बसणारे सगळे तास आजीकडे ठेवावेत. आज्या दोन असतात. दोघी उपलब्ध असल्यास पाळ्या लावाव्यात: जून ते दिवाळी एक, दिवाळी ते वार्षिक परीक्षा दुसरी, मे महिन्यात मूलच गावी धाडावं, म्हणजे आजीलाही बदल होतो. बोलावताना “एकट्या काय करता तिकडे? इथे नातवंडात मन रमेल” असं म्हणावं. ती एकटी काय करते, हे मात्र खोलात जाऊन विचारू नये. ती भिशी चालवत असेल. भजनी मंडळात पेटी धरत असेल. तीस वर्षं नोकरी करून नुकतीच सुटली असेल आणि मैत्रिणींबरोबर अष्टविनायकाच्या गाडीचे पैसे भरून बसली असेल. असलं काही कळलं की समतोल ढळतो.

आजीला पगार देऊ नये. तो अपमान ठरतो. रजा देऊ नये. ती मागत नाही. मागितलीच तर “जा ना, पण पोराची युनिट टेस्ट होऊ दे” म्हणावं. युनिट टेस्ट नेहमीच असते. गुडघे दुखत असल्यास तेलाची बाटली आणून द्यावी आणि इमारतीला लिफ्ट आहे, याची आठवण करून द्यावी. आजोबांना बरोबर बोलावल्यास ते दूध आणतात आणि व्हॅनवाल्या काकांशी राजकारणावर बोलतात. बाकी त्यांचीही व्यवस्था आजीच पाहते. (एक वाक्य गंभीरपणे: जिथे जिथे समतोल छान जमलाय असं ऐकलं, तिथे तिथे तो साठीपुढच्या एखाद्या बाईने उचललेला निघाला, आणि नोकरदार आईचा महिलादिनी सत्कार झाला तेव्हा ही बाई घरी पोराला वरणभात भरवत होती.)

आजी नसेलच, तर शेजारच्या काकू. त्याही नसतील, तर दोघांपैकी एकाची नोकरी. कोणाची, हे त्या मामांना विचारावं.

वेळेबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मुलाला वेळ किती देता यापेक्षा तो कसा देता हे महत्त्वाचं, असं तज्ज्ञ सांगतात. मुलाला कोणी विचारलेलं नाही. तरीही ज्यांना द्यायचाच आहे, त्यांच्यासाठी रविवार राखून ठेवलेला आहे. त्या दिवशी रेल्वेही मेगाब्लॉक घेऊन तुम्हाला घरात थांबवते. सकाळी दळण, मग केस कापणं, मग शाळेतली पालकसभा, दुपारी आठवड्याची इस्त्री, संध्याकाळी कल्याणला एक रिसेप्शन. मुलाला सगळीकडे बरोबर न्यावं. यालाच सहवास म्हणतात.

उरला शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप गट. हा रात्री साडेनऊला जागा होतो. ‘उद्या टाकाऊतून टिकाऊ वस्तू आणावी’ असा निरोप आला, की घरात टाकाऊ काहीच नाही हे लक्षात येतं, आणि बाबा नवी बाटली विकत आणून ती रिकामी करतात. सजावटीच्या थर्माकोलला राज्यात २०१८पासून बंदी आहे. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे हळू आवाजात विचारल्यास नकारही हळू आवाजातच मिळतो. प्रकल्प बाबांनी करावा, अक्षर आईचं असावं, आणि मुलाला साडेदहाला झोपू द्यावं. सरकारने त्याच्या झोपेची काळजी घेतलीच आहे.

आता आपत्कालीन सूचना. जुलैत एखाद्या रात्री उल्हास नदी चढते. बदलापूर-वांगणीच्या दरम्यान २०१९ साली अख्खी महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, त्यामुळे इथे पावसाला कोणी थट्टेवारी नेत नाही. दहाच्या सुमारास निरोप फिरतो: जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाने उद्या शाळांना सुट्टी. ऑफिसांना नसते. पाळणाघराच्या बाईही ‘आमच्याकडेही पाणी आलंय’ असं कळवतात, आणि आजी नेमकी अष्टविनायकाला गेलेली असते, ओझरपर्यंत पोचलेली. अशा वेळी नवराबायकोने एकमेकांकडे पाहू नये, फोनकडे पाहावं. “उद्या माझी फार महत्त्वाची मीटिंग आहे” हे जो आधी बोलेल तो सुटतो, आणि दुसऱ्याची रजा पडते. नंतर बोलणाऱ्याची मीटिंग कितीही खरी असली तरी तिला किंमत उरत नाही. म्हणून जाणत्यांनी हे वाक्य निरोपाची वाट न पाहता मृगाच्या पहिल्या सरीलाच म्हणून ठेवावं, आणि पुढे सप्टेंबरपर्यंत आठवड्यातून एकदा, जेवताना, सहज म्हणत राहावं.