'जीएसटी जुने' या फोल्डरला कुलूप कसे लावावे

प्रस्तुत मार्गदर्शन रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीत पाळ्या करणाऱ्या आणि घरात सगळ्यांत मिळून एकच कॉम्प्युटर असणाऱ्या सद्गृहस्थांसाठी आहे. आपल्याकडे लपवण्यासारखं काही नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी वाचू नये. त्यांची पगाराची स्लिप मेव्हण्याने केव्हाच पाहिली आहे.

आधी नामकरण. फोल्डरला 'खासगी' म्हणू नये, ते आमंत्रण ठरतं. 'जीएसटी जुने' हे नाव उत्तम. असा फोल्डर उघडायची इच्छा सीएलाही होत नाही. पुष्कळ जण यापुढे 'हिडन'वर टिक मारून झोपायला जातात. सहावीतला भाचा व्ह्यू मेनूत दुसरी टिक मारतो आणि फोल्डर हजर! विंडोजच्या लॉगिन पासवर्डवरही विसंबू नये. एन्क्रिप्शन नसेल तर हार्ड डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली की पासवर्ड बाजूला राहतो आणि फायली वाचता येतात. बिटलॉकर अख्खी डिस्क बंद करतो खरा, पण तुम्ही लॉगिन करून चहाला उठलात की डिस्क सर्वांना खुली.

म्हणून फोल्डरच एन्क्रिप्ट करावा. सेव्हन-झिप फुकट आहे आणि एईएस-२५६ वापरतं. ही पद्धत दोन बेल्जियन गृहस्थांनी रचली आणि अमेरिकेने २००१ साली प्रमाण म्हणून स्वीकारली. गणित भक्कम आहे. दोघांना तुमचं घर ठाऊक नव्हतं, एवढीच उणीव. पासवर्ड टाकताना फायलींची नावंही एन्क्रिप्ट करण्याचा चौकोन असतो, तो विसरू नये. नाहीतर आतलं काही उघडत नाही, पण 'सोसायटीचं कर्ज – घरी सांगू नये' हे शीर्षक बाहेरून स्वच्छ वाचता येतं. आणि कुलूपबंद प्रत तयार झाली की मूळ फोल्डर शेजारीच उघडा पडलेला असतो. तो डिलीट करावा, रिसायकल बिनही रिकामा करावा. चिकाटीचा माणूस त्यानंतरही जुन्या डिस्कवरून फायली परत काढतो.

हे टाळायचं तर व्हेराक्रिप्ट घ्यावं. ट्रूक्रिप्टच्या पायावर ते २०१३ साली उभं राहिलं, ट्रूक्रिप्ट पुढच्याच वर्षी बंद पडलं. यात आधी कुलूपबंद पेटी तयार करायची आणि कागदपत्रं पहिल्यापासून तिच्यातच ठेवायची. पेटी बनवताना ते माऊस वाटेल तसा फिरवायला सांगतं; त्या वेड्यावाकड्या हालचालीतून किल्ली घडते. नाईट करून आलेल्या माणसाला हे विनासायास जमतं. काम संपल्यावर पेटी डिसमाउंट करावी, नुसती खिडकी मिटवून भागत नाही.

आता पासवर्ड. रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज यांचं नाव ठेवू नये. त्यांच्या पालखीला पोलीस सशस्त्र मानवंदना देतात म्हणून फोल्डरलाही बंदोबस्त मिळेल, हा भाविक गैरसमज आहे. अख्खा रोहा तालुका पहिला अंदाज तोच करील. एमएच-०६ ने सुरू होणारा गाडीचा नंबरही नको, तो तुम्ही रोज गावभर मिरवता. चार आकड्यांचे प्रकार होतात फक्त १०,०००. कॉम्प्युटरला ते चहा निवायच्या आत संपतात. वीसहून जास्त अक्षरं हवीत. सोलकढी, बॉयलर, छत्री, पंचांग, मांडव असे परस्परांशी सोयरीक नसलेले शब्द ओळीने ठेवावेत. हेच ठेवू नयेत, ते आता छापून आले. आणि कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहू नयेत.

प्लांटमध्ये मोटर दुरुस्तीला घेताना ब्रेकरला आपलं कुलूप घालून किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, सुपरवायझरलाही द्यायची नाही, हे धाटावात कोणाला शिकवावं लागत नाही. तोच माणूस घरी आल्यावर 'पासवर्ड काय हो?' असं स्वयंपाकघरातून विचारलं की बाथरूममधून ओरडून सांगतो.

कायद्याचंही भान असावं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली सक्षम यंत्रणेने रीतसर आदेश दिला, तर डेटा उलगडून द्यावा लागतो. नकाराला सात वर्षांपर्यंत कैद आहे. मेव्हणा ही सक्षम यंत्रणा नव्हे.

शेवटचं काम आजच उरका. पासवर्ड कागदावर लिहा, पाकीट चिकटवा आणि बँकेच्या लॉकरमध्ये किंवा ज्याच्यावर खरोखर भरवसा आहे अशा एकाच माणसाकडे ठेवा. व्हेराक्रिप्टमध्ये 'पासवर्ड विसरलात?' असं बटण नाही.