गाडी लागलेला माणूस

बसवेड्या माणसाला कुठेही जायचे नसते. हे एकदा ध्यानात घेतले की त्याच्या पुढच्या सगळ्या वागण्याचा उलगडा होतो. सुटीच्या दिवशी पहाटे अंघोळ करून तो एसटी स्टँडवर जातो आणि दुपारी जेवायला घरी येतो. मधल्या वेळात डझनावारी गाड्या आल्या आणि गेल्या, पण एकीतही तो चढलेला नसतो. बाकीचे लोक गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल, पिशवी, प्रसंगी पोटचे पोर आत सोडून जागा धरत असतात. हा त्यांच्याकडे नाराजीने बघत असतो, कारण त्यांची डोकी फोटोत येतात.

फोटो हा त्याचा गंभीर विषय आहे. गाडीचे तोंड आणि दाराकडची बाजू एका चौकटीत बसली पाहिजे, पाटी वाचता आली पाहिजे, नंबर अख्खा दिसला पाहिजे आणि आगाराचे नाव चिखलाने झाकलेले नसले पाहिजे. असेल तर तो खिशातल्या रुमालाने पुसतो. मग फलाटावर एक गुडघा टेकतो. आपल्याकडे स्टँडच्या फरशीला आपण होऊन अंग लावणारा माणूस संशयास्पदच ठरतो. साहजिकच सुरक्षारक्षक त्याला उचलून नियंत्रकाच्या केबिनमध्ये नेतो.

"पत्रकार का?"

"नाही."

"काही तक्रार?"

"नाही साहेब."

"मग गाडीचा फोटो कशाला काढला?"

"आवडली म्हणून."

नियंत्रक चष्मा काढून टेबलावर ठेवतात. गाडी कधी येणार, गाडी का नाही आली, गाडीत जागा का नाही, मास्तर सुटे देत नाहीत, एवढीच वाक्ये ऐकण्यात त्यांची उमेद सरलेली असते. 'आवडली' या शब्दाला त्यांच्या रजिस्टरात रकाना नाही. ते मुकाट्याने दोन चहा सांगतात. चहा पिता पिता हा विचारतो, "मघाशी अक्कलकोटला गेली ती गाडी तुमच्या आगाराची नव्हे ना?"

"नाही, दोन दिवसांसाठी मागून आणलीय. पण तुम्हाला कसं कळलं?"

याला आता दुसरा चहा मिळतो.

तुम्हाआम्हाला एसटी लाल दिसते आणि विषय संपतो. त्याला ती कुणाची लेक आहे ते दिसते. एमएच १४ बीटी असेल तर दापोडीची, एमएच २० बीएल असेल तर चिकलठाण्याची, एमएच ४० असेल तर हिंगण्याची. महामंडळाच्या या तीन मध्यवर्ती कार्यशाळांत टाटाच्या नाहीतर लेलँडच्या सांगाड्यावर बॉडी चढते, आणि जिथे चढली तिथल्या आरटीओचा नंबर गाडी मरेपर्यंत वागवते. मग ती नांदायला देवगडला जावो की गडचिरोलीला. अ‍ॅल्युमिनियमची बॉडी जाऊन पोलादी बॉडी आली तेव्हा त्याने मित्रांना फोन करकरून कळवले होते. दापोडीचा हात आणि चिकलठाण्याचा हात वेगळा, हे डोळे मिटून पत्र्यावर बोटे फिरवली तरी कळते, असे त्याचे म्हणणे. मी डोळे उघडे ठेवून पाहिले, मला दोन्हीकडे पत्राच दिसला.

त्याच्यासमोर 'एशियाडने आलो' असे चुकूनही म्हणू नये. दिल्लीच्या १९८२च्या एशियाडसाठी वापरलेल्या गाड्या महामंडळाकडे आल्या म्हणून ते नाव पडले. तुम्ही आलात ती हिरवी-पांढरी निमआराम गाडी, तिचे नाव हिरकणी, हे तो हातातले काम टाकून सांगतो. या सवयीपायी त्याचे एक जमत आलेले स्थळ हुकले. मुलीचे मामा साताऱ्याहून शिवशाहीने आले होते.

"महामंडळाची की भाड्याची?" नवऱ्या मुलाने पोह्यांची बशी खाली ठेवून विचारले.

"म्हणजे?"

"काही शिवशाही महामंडळाच्या स्वतःच्या, काही खासगी मालकांकडून भाड्याने घेतलेल्या. त्यात ड्रायव्हर मालकाचा आणि कंडक्टर आपला."

'आपला' ऐकून मामांनी मुलाचा पगार वेळेवर होतो का, अशी चौकशी सुरू केली. मुलगा बँकेत होता, पण मामांची खात्री शेवटपर्यंत पटली नाही.

पुढे ज्या वहिनी त्याच्या नशिबी आल्या (की उलट?), त्यांना मधुचंद्रालाच सगळे कळले. पुण्याहून महाबळेश्वरला थेट गाडी असते. हे दोघे वरंध घाट उतरून महाडला गेले, तिथून पोलादपूर, तिथून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर. कारण आंबेनळी 'लेलँडमधून चढायचा' होता, आणि त्यासाठी एक टाटा सोडून देण्यात आली होती. ड्रायव्हरच्या पाठीमागची सीट त्याने धरली. दरी दुसऱ्या बाजूला होती, पण गिअरचा दांडा इकडून दिसत होता. "आता तिसरा पडेल," तो वहिनींच्या कानात म्हणाला. पडला. नवपरिणीत स्त्रीच्या कानात असे वाक्य घाटातल्या वळणावर याआधी कुणी कुजबुजले नसावे. इंजिनाचा आवाज त्याने फोनवर टिपून ठेवलाय, पाहुण्यांना ऐकवतो. शेवटी शेवटी त्यात वहिनींचाही आवाज आहे. त्यांना घाट सोसत नाही. एवढे चांगले रेकॉर्डिंग, पण तेवढे नेमके बिघडले, अशी त्याची हळहळ.

आवाज हा त्याचा हळवा कोपरा. म्हणून विजेच्या गाड्यांबाबत त्याची पंचाईत झाली आहे. १ जून १९४८ला पहिली एसटी, ती बेडफर्ड, पुणे-नगर मार्गावर धावली. १ जून २०२२ला त्याच मार्गावर शिवाई ही विजेवरची गाडी निघाली. तारीख तीच, मार्ग तोच, तेव्हा त्याने हार घालून नारळ फोडला, पेढे वाटले. स्वतः मात्र सुन्न होता. "चालू आहे की बंद, ते ड्रायव्हरला विचारावं लागतं," एवढेच म्हणाला.

घरात शिरल्यावर भिंतीवर पूर्वजांऐवजी पाट्या दिसतात. पेंटरने हाताने रंगवलेल्या पत्र्याच्या जुन्या पाट्या, भंगारवाल्याकडून किलोच्या भावाने घेतलेल्या. 'औरंगाबाद' आणि 'उस्मानाबाद' या पाट्यांना नामांतरानंतर त्याच्या गोटात बरीच किंमत आली आहे, पण तो देत नाही. मागच्या दारावर 'संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग' ठोकले आहे. आणलेल्या सामानापैकी तेवढी एकच वस्तू उपयोगाची आहे, असे वहिनी म्हणतात.

वर्षातून एकदा तो पंढरपूरला जातो. आषाढीला. शेजारीपाजारी त्याच्या पाया पडतात, तो पडू देतो. खरी गोष्ट अशी की वारीसाठी राज्यातल्या ३१ विभागांच्या गाड्या त्या एका गावात गोळा होतात. चंद्रभागा, भीमा, पांडुरंग, विठ्ठल कारखाना अशी तात्पुरती यात्रास्थानके उघडतात आणि चिखलात रांगेने गाड्याच गाड्या उभ्या राहतात. एरवी अहेरीची गाडी पाहायची तर अहेरीला जावे लागते. इथे ती मालवणच्या गाडीला खेटून उभी असते आणि दोघींचे ड्रायव्हर पलीकडे स्टोव्ह पेटवून एकाच पातेल्यात भात शिजवत असतात. हा भान हरपून नंबर उतरवत फिरतो. दर्शनाच्या रांगेला अठरा तास लागोत की चोवीस, त्याचे काही अडत नाही. विठाई गाडीच्या अंगावर विठ्ठलाचे चित्र असते. तिथेच हात जोडतो आणि प्रदक्षिणाही तिलाच घालतो, चारही बाजूंचे फोटो हवेच असतात. गणपतीत कोकणात जातो, तेही याच भक्तिभावाने.

याच्या मुंबईकर चुलत भावाचे दैवत बेस्ट. १५ सप्टेंबर २०२३ला डिझेलवरची शेवटची जुनी दुमजली गाडी अंधेरीच्या आगरकर चौकातून सीप्झकडे धावली. निरोप द्यायला बसवेडे हारफुले घेऊन हजर होते. या भावाने कचेरीत 'जवळचं माणूस गेलं' असे सांगून रजा काढली होती. साहेबांनी हळहळून वय विचारले. "शहाऐंशी," तो म्हणाला. मुंबईत पहिली दुमजली बस १९३७ची, त्यामुळे हिशेब बरोबर होता. "म्हणजे सोनंच झालं," साहेब म्हणाले. हा त्यावर खरोखर रडला.

नव्या पिढीतला बसवेडा पंधरा-सोळा वर्षांचा असतो. त्याला स्टँडवर एकट्याने जायची परवानगी नसते, म्हणून तो मोबाइलवर इंडोनेशियातला बस चालवण्याचा खेळ खेळतो. त्यात लाल परीचा रंग चढवून ठेवलेला असतो. जावा बेटावरच्या रस्त्यावरून, नारळीच्या बागांतून, स्वारगेट-पंढरपूर गाडी जात असते. उरलेल्या वेळात सनबोर्ड कापून तो शिवनेरी बनवतो, वायपरसकट. दहावीच्या मार्कांबद्दल घरात बोलणे होते तेव्हा तो ती शिवनेरी पुढे करतो. वायपर खरोखर हलतात, त्यामुळे बापाला काय बोलावे ते सुचत नाही.

रेल्वेवेड्यांशी यांचे पटत नाही. रुळावरून जाणाऱ्या वस्तूने रस्ता चुकवला नाही यात कौतुक कसले, असा यांचा सवाल असतो. रेल्वेवेडे उत्तर देत नाहीत. त्यांची पुस्तके निघतात, संग्रहालये असतात. यांच्याकडे अनिक आगारातले बेस्टचे संग्रहालय आणि एकमेकांचे फोन नंबर.

आणि तरीही मला हा माणूस नुसता रिकामटेकडा वाटत नाही. अडीचशे आगारांचा पसारा आहे. त्यातली कुठली मुक्कामी गाडी रात्री कुठल्या वाडीत झोपते, कुठली फेरी पावसाळ्यात घाट टाळून जाते, कुठली गाडी पाटीवर एक गाव मिरवते आणि बाजाराच्या दिवशी दुसऱ्याच गावावरून येते, हे ज्याच्या तोंडपाठ आहे असा माणूस पगारावर ठेवायचा म्हटला तर परवडणार नाही. हा फुकट उभा असतो.

तेव्हा स्टँडवर गेलात आणि चौकशीच्या खिडकीवर 'जेवणाची सुटी' लावलेले दिसले, तर हताश होऊन बाकावर बसू नका. गाडीपुढे गुडघा टेकून बसलेला कुणी दिसतो का ते बघा आणि त्याला विचारा. फलाट सांगेल, वेळ सांगेल, खिडकी कुठली धरायची तेही सांगेल. फक्त मोठ्या प्रवासाच्या गडबडीत असाल तर गाडी टाटाची की लेलँडची, हे मात्र विचारू नका. तुमची गाडी चुकेल.