डबल बेल

एसटीत एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन घंट्या म्हणजे चला. मंडणगड आगारात मी 26 वर्षं कंडक्टरकी केली. त्यामुळे हा नियम माझ्या डोक्यात नाही, बोटांत आहे. जेवायला बसलो की अजूनही वाटी ताटावर दोनदा वाजते म्हणजे वाढा, आणि एकदा वाजते म्हणजे पुरे. बायकोने या प्रकाराला लग्नानंतर आठवडाभर दाद दिली, नंतर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे झालं ते या बोटांमुळे झालं. कॅमेऱ्याचा त्यात काडीचा दोष नव्हता.

2003 च्या मे महिन्यात मेव्हणा दुबईहून रजेवर आला. आमच्याकडे बाणकोट, म्हाप्रळ भागात आखातातलं माणूस आलं की अत्तर, ब्लँकेट, टॉर्च असं काहीबाही घरोघर पोचतं. आमच्या घरी हँडीकॅम आला. हँडीकॅम हे खरं तर सोनी कंपनीने 1985 साली आपल्या कॅमेऱ्याला दिलेलं नाव. माझा होता दुसऱ्याच कंपनीचा. पण बाजारपेठेत कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतात, तसा तो हँडीकॅमच.

"भावोजी, काही कठीण नाही. लाल बटण दाबायचं, बस," एवढं सांगून मेव्हणा परत गेला.

चार्जरची पिन तीन चौकोनी दातांची होती. ती आमच्या भिंतीत शिरेना, म्हणून अ‍ॅडॅप्टर शोधण्यात जून गेला. माहितीपुस्तक अर्धं इंग्रजी, अर्धं अरबी. इंग्रजीचा कंटाळा आणि अरबीचा गंध नाही, तेव्हा चित्रं बघायचं ठरवलं. नेमकी अरबी भागातली चित्रं हाती लागली. अरबी उजवीकडून वाचतात. मी पानं डावीकडून उलटली, म्हणजे आधी बिघाड आणि मग सुरुवात. माझ्याकडूनही सगळं त्याच क्रमाने घडलं.

कॅमेऱ्याबरोबर 8 मिलिमीटर फितीची एकच कॅसेट मिळाली होती, 90 मिनिटांची. ती सरावात घालवायची नाही, गणपतीला नारळ फोडूनच उघडायची, असं मी जाहीर केलं. दरम्यान वाचन वाढवलं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी विलायतेहून कॅमेरा मागवून 1899 साली मुंबईत हँगिंग गार्डनला कुस्ती टिपली होती. पुढे 1901 साली केंब्रिज गाजवून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं स्वागतही त्यांनी टिपलं. परांजपे मुर्डीचे, म्हणजे आमच्या शेजारच्या दापोली तालुक्यातले. तेव्हा कॅमेऱ्याच्या पुढे कोकण शंभर वर्षांपूर्वीच येऊन गेलं होतं, आता मागे यायला हरकत नव्हती. डेपोच्या कँटीनमध्ये मी हे इतक्यांदा ऐकवलं की एक ड्रायव्हर मला 'सावेदादा, चहा' म्हणून हाक मारू लागला. मी ती हाक खरी धरली.

गणपती 31 ऑगस्टला आले. परळ, विरार, नालासोपाऱ्याचे चाकरमानी उतरले. घरात माणसं किती हे जेवणाच्या पंगतीवरूनच कळायचं. संध्याकाळच्या आरतीला मी स्टुलावर चढलो, डोळा त्या फटीला लावला, कॅमेरा देवाकडे रोखला आणि निघायची वेळ झाली म्हणून बटण दाबलं. टिक टिक. डबल बेल.

फटीत एक लाल अक्षर चमकून गेलं. मग कोपऱ्यात इंग्रजीत चार अक्षरं येऊन स्थिरावली. पहिली दोन होती एस आणि टी. पुढची दोन मी वाचलीच नाहीत. परक्या मुलखातल्या यंत्रावर खात्याचं नाव दिसलं, याहून शुभ शकुन कोणता? पुढची वीस मिनिटं मी जीव ओतून काम केलं. गणपतीच्या डोळ्यांवर झूम केला, तिथून आईच्या टाळ्यांवर आलो, ढोलकीवाल्याच्या बोटांवर थांबलो. मंत्रपुष्पांजली झाली, फुलं पडली. मी समाधानाने एकदाच बटण दाबलं. टिक. गाडी थांबली. कॅमेरा पट्ट्याने माजघरातल्या खुंटीला टांगला आणि मी प्रसादाला गेलो.

दुसऱ्या दिवशी रात्री खेळ ठेवला. वीज होती, हे विशेष. टीव्ही पडवीत आणला. पिवळी, पांढरी, लाल अशा तीन वायरी कुठे खोचायच्या यावर तीन पुतण्यांची चार मतं पडली. वाडीतली पाचपंचवीस माणसं चटयांवर बसली. पुढे खुर्चीत काका. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. जमिनीच्या कागदावरून आमचा त्यांच्याशी अबोला नव्हता, पण बोलणं मोजकं होतं.

सुरू झालं. आरतीचं तबक दिसलं, 'सु' एवढं ऐकू आलं आणि पडद्यावर माजघराची भिंत आली.

भिंत जरा तिरकी होती. डावीकडे कॅलेंडरचा खालचा कोपरा, उजवीकडे माझी तिकिटांची जुनी पेटी. पेटीच्या कडीवर एक माशी बसली होती. ती उडाली आणि त्यानंतर भिंतीवर काहीही घडलं नाही. आवाज मात्र स्वच्छ येत होता. त्या कंपनीचा मायक्रोफोन उत्तम होता, हे मी कुणालाही लिहून देईन.

"काकांनी दिलेला नारळ बघितलात?" हा बायकोचा आवाज.

"काय झालं?"

"हलवून बघा. पाणीच वाजत नाही. अहो, गेल्या वर्षी आपणच दिलेला त्यांना. शेंडीला मी हळद लावली होती, ती अजून आहे."

यावर मी गप्प बसलो असतो तर आजचा लेख अर्ध्यावर संपला असता. पण टीव्हीतला मी म्हणालो, "काकांचं तसंच गं. शंभराची नोट दाखवून फुकट उतरणारा प्रवासी तो."

पडवीत रातकिडेसुद्धा थांबले असावेत. मी रिमोटकडे झेप घेतली. तो कॅमेऱ्याचा नव्हे, टीव्हीचा होता, आणि त्याने फक्त पडदा जास्त उजळ झाला. मग कॅमेऱ्याचंच एक बटण दाबलं. घाईत दोनदा. भिंत थांबली आणि पुन्हा चालू झाली. काकांनी तपकिरीची डबी उघडली, चिमूट नाकात सोडली आणि मान न वळवता म्हणाले,

"आवाज जरा वाढव."

वाढवला. करतो काय? गंमत अशी की त्यानंतर कुणीही उठलं नाही. भिंत बघायला माणसं सव्वा तास बसली. प्रत्येकाला आपलं नाव कधी येतं ही धास्ती होती, आणि दुसऱ्याचं कधी येतं याची आशा. थोरल्या वहिनींच्या मोदकांची कळी आली, नालासोपाऱ्याच्या पुतण्याचं लग्न का जमत नाही ते आलं, आणि आई मला उद्देशून म्हणाली तेही आलं: "त्या डब्यात डोळा घालून काय नाचत होता रं हा? देवाच्या पाया तरी पडला का?" एवढ्या एका वाक्याला प्रेक्षकांतून टाळी पडली. कॅसेट संपल्यावरच कॅमेरा आपसूक थांबला. फीत संपेपर्यंत न थांबणारं ते यंत्र पुरतं आज्ञाधारक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या नातवाने एक नारळ आणून दिला. ताजा, पाण्याने भरलेला, आणि शेंडी मुळापासून तासलेला. शेंडी नसलेला नारळ देवापुढे ठेवता येत नाही. आम्ही त्याचं वाटण केलं.

जगातला पहिला घरगुती कॅमकॉर्डर, सोनीचा बीटामूव्ही, 1983 साली आला. तो खांद्यावर घ्यावा लागे आणि त्यात टिपलेलं त्यातच बघायची सोय नव्हती. पुढे ही सोय केली ती प्रगती समजली जाते. माझं मत वेगळं आहे.

नंतरच्या मोहिमा थोडक्यात सांगतो. एक दाबायची हे बोटांना शिकवायला शिमगा उजाडला. होळीच्या माळावर पालखी नाचत येत होती आणि मी तिच्याकडे तोंड करून मागे मागे चालत होतो. गाडी मागे घेताना कंडक्टर मागे उभा राहून शिटी वाजवतो. आयुष्यभर मी ती इतरांसाठी वाजवली, माझ्या मागे मात्र कुणी नव्हतं. उकिरडा होता. कॅमेरा मी हात वर करून वाचवला. त्या कॅसेटमध्ये आंब्याची फांदी, मग आकाश आणि 'पडला, पडला' असा सार्वजनिक जयघोष आहे.

पावसाळ्यात कॅमेऱ्याने संप केला. तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आतल्या फिरत्या ढोलाला दमट फीत चिकटू नये म्हणून हे कॅमेरे ओल लागली की स्वतःच बंद पडतात आणि पडद्यावर पाण्याचा थेंब दाखवतात. आमच्याकडे तो थेंब जूनमध्ये आला तो दसऱ्याला गेला. बायकोने उपाय म्हणून कॅमेरा चुलीच्या वरच्या फळीवर, कोकमाच्या सोलांशेजारी ठेवला. ओल गेली. पण पुढे कुणाचंही शूटिंग करायला डोळा लावला की मला भूक लागायची.

2007 साली वेळासला गेलो. नाना फडणवीसांच्या घराण्याचं हे गाव आता कासवांसाठी ओळखलं जातं. तेव्हा सह्याद्री निसर्ग मित्र संस्था आणि गावकरी ऑलिव्ह रिडलेची अंडी कुंपणात जपायचे. त्यावर टोपल्या झाकलेल्या असायच्या. सकाळ-संध्याकाळ त्या उचलून बघायचे, पिल्लं वर आली असतील तर पाण्याकडे सोडायचे. मी दोन दिवसांत चार वेळा टोपली उचलताना टिपली. चारही वेळा खाली वाळू. पाचव्या खेपेला, परतीच्या गाडीआधी, टोपलीखालून पिल्लांचा घोळका वळवळत बाहेर आला आणि समुद्राकडे तुरुतुरु निघाला. भारनियमनामुळे रात्री बॅटरी चार्ज झाली नव्हती. लोक दोरीमागे श्वास रोखून उभे होते, मी मेलेला कॅमेरा डोळ्याला लावून उभा होतो. तो काढून नुसतं बघावं, हे सुचलं तेव्हा शेवटचं पिल्लू लाटेत गेलं होतं.

2011 साली कॅमेरा कायमचा गेला. कॅसेटी आठ आहेत. काहींवर बुरशीचे पांढरे ठिपके आलेत, पण पहिली, भिंतीची, अजून ठीक दिसते. काका आता 86 वर्षांचे आहेत आणि त्यांनी नव्याने विषय काढलाय. नारळ नवाच होता, शेंडीची हळद काकूने लावलेली होती, आणि तुम्ही दोघं नेमकं काय बोललात ते मला पुन्हा ऐकायचंय, असं त्यांचं म्हणणं आहे. तारखा पडतात तसे दर संकष्टीला येऊन विचारतात.

तेव्हा कुणाकडे 8 मिलिमीटरची कॅसेट वाजवणारा, चालू स्थितीतला हँडीकॅम माळ्यावर पडला असेल, तर एका संध्याकाळपुरता द्यावा. मंडणगड एसटी स्टँडवर कुणालाही 'सावेदादा कुठे राहतात' विचारा, घर दाखवतील. बटण तुम्हीच दाबा. एकदाच.