कडी कुणी वाजवली?

फोल्डरमध्ये काही बदललं, हे प्रोग्रामला कळावं कसं? सगळ्यांत भाबडा उपाय म्हणजे दर थोड्या वेळानं जाऊन पाहणं. तारखा ताडायच्या, आकार ताडायचे आणि काहीच घडलेलं नाही असं पाहून परतायचं. प्रेमात पडलेल्यांना हे शिकवावं लागत नाही. संगणकाची मात्र त्यात बॅटरी उतरते. म्हणून लिनक्सनं आधी डीनोटिफाय आणलं. ते ज्या फोल्डरवर नजर ठेवी, तो उघडाच धरून बसे. त्यामुळे पेन ड्राइव्ह सोडवून घेणं मुश्किल. शिवाय ‘इथं काहीतरी झालं’ एवढंच सांगे. काय झालं ते तुमचं तुम्ही हुडका. २००५ साली कर्नल २.६.१३ बरोबर आयनोटिफाय आलं आणि बातमीला नावगाव मिळालं.

मला मोह पडतो तो त्या बातम्यांचा. विम या एडिटरमध्ये मी कवितेतला एक स्वल्पविराम खोडून सेव्ह करतो. माझ्या लेखी एवढंच. तिकडे मात्र ४९१३ नावाची एक फाइल जन्मते आणि लगेच मरते: इथं नवं काही निर्माण करता येतं का, हे विम आधी चाचपून पाहतो. (त्या नावाचं कुणी आधीच नांदत असेल, तर १२३ मिळवून पुढचा आकडा. इतकी भीड हल्ली पाहुणेही बाळगत नाहीत.) मग मूळ कवितेला दुसरं नाव देऊन बाजूला सारलं जातं, तिच्या नावानं नवी लिहिली जाते आणि जुनी पुसली जाते. एका स्वल्पविरामापायी जन्म, मृत्यू, नामांतर आणि वारसाहक्क! त्यातून पहारा फोल्डरऐवजी त्या फाइलवरच बसवला असेल, तर तो वेडा जुन्या कवितेच्याच मागोमाग जातो. तिच्याबरोबर त्याचीही नोकरी संपते. नव्या कवितेकडे तो ढुंकूनही पाहत नाही.

हे सगळं केलं कुणी, ते मात्र आयनोटिफाय सांगत नाही. फॅनोटिफाय नावाचा त्याचा भाऊबंद प्रोसेसचा क्रमांक तेवढा देतो. माझ्या आजोबांची नजर गेली, तेव्हा त्यांची खाट ओसरीवर आली आणि दाराची कडी वाजली की ते आलेल्याचं नाव घेत. काकूची कडी हलकी, दूधवाल्याची घाईची, माझी दोनदा. दिवाळीत मात्र सगळं गोत एकदम लोटे, कडीला उसंत नसे आणि त्यांचा हिशेब कोलमडे. आयनोटिफायची रांग भरली की तेही जास्तीच्या बातम्या सोडून देतं आणि काही निसटलं एवढं कबूल करतं. मग प्रोग्रामला एकेक फाइल नव्यानं तपासत फिरावं लागतं. आजोबाही हाक मारत, “एकेक जण जवळ या रे!” मला वाटतं, ते त्या गोंधळाची वाटच पाहत असावेत, प्रत्येकाचा चेहरा हातानं चाचपायला त्यांना मग रीतसर निमित्त मिळे.