विनापित्ताशय रुजू

पोटातला खडा ही आपल्याकडे सार्वजनिक मालमत्ता असते. माझ्या सोनोग्राफीचा कागद घरात आला आणि पाठोपाठ शेजारच्या काकू कुळथाचं कढण घेऊन आल्या. वरच्या मजल्यावरचे अण्णा पानफुटीची पानं खुडून घेऊन आले. हे दोन्ही उपाय मुतखड्यावरचे आणि माझा खडा पित्ताशयातला. त्या दोन खात्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असं मी परोपरीनं सांगितलं. अण्णा म्हणाले, "खडा तो खडा! तो कुठं पत्ता विचारून राहतो?" आणि पानं तिथंच ठेवून गेले.

सर्जन मात्र एकदम मुद्द्याचं बोलले. "यकृत रोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. पित्ताशय स्वतः थेंबभरही करत नाही. यकृताकडून आलेलं साठवायचं, त्यातलं पाणी शोषून दाट करायचं आणि तुपातेलाचं काही खाली उतरलं की पुढे सोडायचं, एवढंच त्याचं काम. कोलेस्टेरॉल वाढलं, माल वेळच्या वेळी पुढे सरकला नाही, की खडे धरतात."

बाहेर आल्यावर ही म्हणाली, "किती छान सांगितलं! अगदी तुमचंच काम."

मी एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क आहे.

"काढून टाकल्यावर चालेल कसं?" असंही मी डॉक्टरांना विचारलं होतं. "काही अडत नाही. पित्त यकृतातून थेट आतड्यात थेंब थेंब उतरत राहतं," असं ते हसत हसत म्हणाले. मला ऑपरेशनची भीती नव्हती. पण ज्यानं सगळी हयात फायली धरून ठेवण्यात घालवली, त्याच्या हे 'काही अडत नाही' फार जिव्हारी लागतं.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं. पोटावर चार भोकं, त्यावर चार चिकटपट्ट्या. भेटायला आलेल्या मामांची घोर निराशा झाली. त्यांचं पित्ताशय जुन्या काळी, उजव्या बरगडीखाली वीतभर चीर देऊन काढलेलं. अजूनही पाहुण्यांना सदरा वर करून दाखवतात. "भोकं पाडून आलास होय!" असं म्हणून त्यांनी माझं आजारपण रद्दबातल केलं. मी मनाला लावून घेतलं नाही. १९८५ साली जर्मनीत एरिक म्यूहे यांनी पहिल्यांदा अशा रीतीनं पित्ताशय काढलं, तेव्हा तिथल्या बड्या सर्जन मंडळींनीही त्यांची टरच उडवली होती. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी ही शस्त्रक्रिया केली, तेव्हा ती आपल्याकडे आली. आता ती गल्लोगल्ली होते, पण मामा अजून जर्मन सर्जनांच्याच बाजूला आहेत.

शुद्धीवर आल्यावर दुखत होता तो उजवा खांदा. पोट फुगवायला त्यात कार्बन डायऑक्साइड भरतात. तो थोडाफार आत उरतो, श्वासपटलाला डिवचतो आणि तिथली नस मानेतून आलेली असल्यानं कळ खांद्यात उठते. हे शास्त्र मी हिला ऐकवलं. ती म्हणाली, "ऑपरेशन पोटाचं आणि दुखतो खांदा! पिशव्या उचलायच्या नाहीत, असं सरळ सांगा की." त्यानंतर साऱ्या जगाला माझ्याबद्दल एकच कुतूहल उरलं. सकाळी डॉक्टर, दुपारी सिस्टर, संध्याकाळी फोनचा स्पीकर लावून सासुरवाडीची मंडळी, सगळ्यांचा सवाल एकच: "गॅस पास झाला का?" बढतीसाठीसुद्धा माझ्याकडे इतका पाठपुरावा कुणी केला नव्हता. झाला, तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनं अभिनंदन केलं.

घरी आलो आणि गणपती आले. सगळ्यांच्या पानात उकडीचे मोदक आणि वर तुपाची धार. माझ्या पानात मुगाची मऊ खिचडी, तीही बिनफोडणीची. तेवढ्यात कुठंतरी वाचलं की हत्तीला पित्ताशय नसतं. घोड्याला नसतं, मोठ्या उंदरालाही नसतं. म्हणजे मुख बिनपित्ताशयाच्या प्राण्याचं, वाहनही बहुधा बिनपित्ताशयाचं, आणि नैवेद्याला एकवीस मोदक! हा शास्त्राधार मी घरात मांडला. ही म्हणाली, "हत्ती झाडपाला खातो. तो आणू का?" मी खिचडी पुढे ओढली.

अखेर परिवर्तित रजा संपली आणि फिटनेस सर्टिफिकेट घेऊन रुजू झालो. वाटलं होतं, टेबलावर फायलींचा डोंगर असेल, तो पाहून आपण एक सुस्कारा सोडू. टेबल लख्ख होतं. "भाऊसाहेब, तुमच्यावाचून फार अडलं हो," सगळे म्हणाले, पण काय अडलं ते कुणालाच आठवेना. माझ्या रजेत कारकून मंडळी टिपणी थेट साहेबांकडे पाठवत होती आणि साहेब सही करून मोकळे होत होते. थेंब थेंब, थेट आतड्यात. आवक-जावक नोंदवहीत तर एकच तारीख दोन्हीकडे दिसायला लागली होती. इतकी निरोगी कचेरी मी आयुष्यात पाहिली नव्हती.

फक्त एक फाईल माझ्या ट्रेमध्ये होती. मुलानं डिस्चार्जनंतर लगेच देऊन ठेवलेलं माझ्याच ऑपरेशनचं वैद्यकीय प्रतिपूर्तीचं देयक.

"हे का नाही पुढे गेलं?"

"भाऊसाहेब, देयकाला हेडक्लार्कची टिपणी लागते. तुमचाच दंडक."

आणि स्वतःच्या देयकावर स्वतः टिपणी लिहायची नाही, हाही माझाच दंडक. एकाला लागू, दुसऱ्याला माफ, असं आमच्याकडे चालत नाही. चाललं असतं तर सगळी कचेरी माझ्या नावानं खडे फोडते ती फोडली नसती. त्यामुळे फाईल वर जाईना, खाली येईना. मी ती रोज उघडतो, वाचतो, तिच्यातली एखादी त्रुटी पेन्सिलीनं अधोरेखित करतो आणि परत ठेवतो. ती हळूहळू जाड होते आहे.

परवा टेबल पुसताना शिपाईमामांनी ती उचलून हातात तोलली आणि अगदी काळजीनं विचारलं, "भाऊसाहेब, ही दुर्बिणीतून निघेल, का चीर द्यावी लागेल?"